काळ्या जमिनीवरचा काँक्रीटचा रस्ता दर पावसाळ्यात उचलतो, गेट अडतं. फोडायचा की वरून थर द्यायचा?

अंगणातली_जाई

नमस्कार. आम्ही हिंगणघाटला राहतो. घर गावाच्या कडेला, जिथे आधी कपाशीचं शेत होतं त्या ले-आउटमध्ये. जमीन चांगली भारी काळी, खोल. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण बांधकामातलं मला काही कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गेटपासून पोर्चपर्यंत ३० फूट लांब आणि १० फूट रुंद काँक्रीटचा रस्ता केला, त्याला आता चार वर्षं झाली. काम मे महिन्यात झालं, कारण मला सुट्टी तेव्हाच असते. ठेकेदाराने फूटभर खोदलं, मोठे दगड रचून सोलिंग केलं, त्यावर रेती पसरली, रेतीवर आठ एमएमची जाळी टाकली आणि चार इंच काँक्रीट ओतलं. तीसही फूट एका दिवसात, मध्ये कुठेही जोड नाही. "एकसंध राहिलं की मजबूत राहते," म्हणाला. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत करून दिलं. दिसायला फार सुरेख झालं होतं. पाणी पाचसहा दिवस मारलं, त्यापेक्षा जास्त जमलं नाही, टँकरवर होतो आम्ही.

पहिल्या पावसाळ्यात केसासारख्या भेगा आल्या. तिकडे लक्ष दिलं नाही. श्रावणात मात्र गेट घासायला लागलं. वेल्डरला बोलावून खालून अर्धा इंच कापून घेतलं. दिवाळीनंतर गेट आपोआप मोकळं झालं. पुढच्या श्रावणात परत घासलं! आत्ता वैशाखात गेटखाली दोन बोटं जागा आहे, आणि मला माहीत आहे की पाऊस पडला की ते पुन्हा अडणार.

आज तीन मोठे तडे आहेत. एक डाव्या कडेला समांतर, कडेपासून साधारण दोन फूट आत, जवळजवळ पूर्ण लांबीभर. दुसरा उजव्या कोपऱ्यात तिरका, तिथून आठ फुटांवर कडुनिंब आहे आणि तो कोपरा खचलाय. तिसरा गेटपासून चार फुटांवर आडवा. डाव्या बाजूलाच गच्चीच्या पाण्याचा पाइप उतरतो आणि पाणी तिथेच पडतं. वरचे पापुद्रेही निघताहेत.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. त्या वॉकर घेऊन सकाळ-संध्याकाळ याच रस्त्यावर चालतात, कारण बाहेरचा रस्ता त्याहून वाईट. आडव्या तड्याशी आता एका बोटाची पायरी झाली आहे. मागच्या महिन्यात वॉकरचा पुढचा पाय तिथे अडकला. मी शेजारीच होते म्हणून निभावलं. तेव्हापासून मला झोप नाही.

दोघांना विचारलं. एक म्हणतो, तडे भरून वरून तीन इंचाचा थर देऊ. दुसरा म्हणतो, फोडून आठ इंच जाड करू, बारा एमएमची दुहेरी जाळी टाकू, मग हलायची हिंमत नाही होणार. त्याचा खर्च पहिल्याच्या दुपटीहून जास्त. कोणाचं ऐकू? दोन वेळा पैसे घालायची आमची ऐपत नाही.

विटा_रेती

ताई, वरून थर अजिबात देऊ नका. खालचं काँक्रीट ज्या रेषेत तुटलंय त्याच रेषेत वरचा थर पहिल्या पावसाळ्यात तुटेल, आणि पातळ असल्याने त्याचे तुकडे सुटतील.

मी नांदेडकडे बंगल्यांची कामं घेतो. आमच्याकडेही जमीन अशीच. गेली काही वर्षं मी गिऱ्हाइकाला सांगतो, काँक्रीटचा हट्ट सोडा, पेव्हर ब्लॉक बसवा. ८० एमएमचा ब्लॉक घ्या, ६० चा नको, पाण्याचा टँकर कधी आत येईल सांगता येत नाही. जमीन उचलली तर तेवढे ब्लॉक काढायचे, चुरी सारखी करायची आणि तेच ब्लॉक परत बसवायचे. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. काँक्रीट एकदा तुटलं की तुटलंच.

ओळंबा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर तुम्हीच लिहिलं आहे, फक्त ते गेटच्या गोष्टीत आहे. श्रावणात घासतं, दिवाळीनंतर सुटतं. म्हणजे सिमेंट कमी पडलेलं नाही आणि सळईही कमी पडलेली नाही. तुमची जमीन श्वास घेते आहे आणि तिच्या छातीवर तुम्ही चार इंचाची पापडी ठेवली आहे.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत काढली, त्यातली बहुतेक कालव्यांवर आणि जिल्हा रस्त्यांवर, जवळजवळ सगळी काळ्या मातीत. म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळू नका.

आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे, आणि पानापानांत पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, गेलं की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच. ही माती फुगताना जो जोर लावते तो चौरस मीटरला कित्येक टनांत जातो. आता तुमच्या रस्त्याचं वजन बघा. चार इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला साधारण २४० किलो. दुसरा ठेकेदार आठ इंच करू म्हणतो, म्हणजे ४८० किलो. टनांच्या जोरापुढे २४० काय आणि ४८० काय! दुहेरी जाळी टाकली तर रस्ता तुकड्यांत उचलण्याऐवजी अखंड वाकडा उचलेल आणि गेट आणखी अडेल. त्या जाडीवरचे पैसे वाचवा, ते खाली जमिनीत लागणार आहेत.

तुमच्याकडे काय झालं ते माझ्या समजुतीप्रमाणे असं. मे महिन्यात माती पूर्ण सुकलेली, पूर्ण आकसलेली होती. त्या अवस्थेत तिच्यावर झाकण बसवलं. पाऊस आला, पाणी कडेने शिरलं, कड फुगली, मधला भाग कोरडाच राहिला. कडेला समांतर दोन फुटांवर तडा जातो तो यामुळे. त्यात गच्चीचं सगळं पाणी डावीकडेच पडतं. उजवीकडे उलट, कडुनिंबाची मुळं उन्हाळ्यात तिथलं पाणी ओढतात, म्हणून तो कोपरा खाली बसला. एकाच रस्त्याची एक बाजू वर आणि एक बाजू खाली.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे दगड आणि रेती. कृपया हे लक्षात ठेवा, कारण पुढचा मिस्त्रीही हेच सुचवेल. काळ्या मातीत खड्डा खोदून त्यात दगड-रेती भरली की तुम्ही जमिनीखाली हौद बांधता. रेतीतून पाणी झरझर खाली जातं, खालच्या काळ्या मातीतून ते पुढे जात नाही, आणि महिनोन्‌महिने तिथेच साठून मातीला फुगवत राहतं. रेती लाल मातीत चालेल, मुरमाड जमिनीत चालेल. इथे ती घातक आहे.

इथे लागते अशी भर, जी स्वतः फुगत नाही पण पाण्यालाही सहज खाली जाऊ देत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षं प्रयोग करून हे दाखवलं, की चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दाबून बसवला तर खालच्या काळ्या मातीचं फुगणं आवरलं जातं. कालव्याच्या अस्तराखाली असा थर द्यायचं भारतीय मानकही आहे, आयएस ९४५१. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका कालव्याचं अस्तर पहिल्याच पावसाळ्यात उखडलेलं मी पाहिलं आहे, काँक्रीटचे पट्टे अक्षरशः उभे राहिले होते. तेच अस्तर नंतर खाली मुरमाचा थर देऊन केलं आणि टिकलं. त्या दिवसापासून माझा विश्वास सिमेंटपेक्षा मुरमावर जास्त.

आता काम. जुनं काँक्रीट फोडा, दगड-रेती सगळी बाहेर काढा. नव्या स्लॅबच्या खाली दोन फूट मुरूम मावेल एवढं खोदा, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाहेर एकेक फूट जास्त खोदा. काही वाढीव धरून ३२ बाय १२ बाय २, म्हणजे ७६८ घनफूट, पावणेआठ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून दहा ब्रासच्या आसपास मागवावा लागेल. प्रत्येक टिप्पर रिकामा होण्याआधी बघा. मूठभर ओला करून तळहातांत वळा. थोडा चिकटला पाहिजे, पण लांब बारीक वात वळली जात असेल तर त्यात माती जास्त आहे. काळी ढेकळं दिसली तर टिप्पर परत पाठवा, भीड धरू नका.

मुरूम सहा इंचांच्या थरांनी टाकायचा, पाणी शिंपडून दमट करायचा आणि प्रत्येक थर रोलरने दाबायचा, किंवा थर जरा पातळ ठेवून व्हायब्रेटर प्लेटने. किती दमट? मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि गोळा मोडला तर दोन-तीन तुकडे व्हावेत, चिखल होऊ नये. धुम्मसाने दोन फूट भर नीट दाबली जात नाही, मजूर दुपारनंतर दमतात. दोन फूट एकदम भरून वरून रोलर फिरवला तर वरचे सहाच इंच दाबले जातात, बाकीचं पुढच्या वर्षी खचतं.

ऐपत असेल तर आणखी एक करा. खड्ड्याच्या तळाची सहा इंच काळी माती मोकळी करून तिच्यात वजनाच्या चार टक्के चुन्याची पूड मिसळा. तुमच्या मापाला सव्वातीनशे किलोच्या आसपास लागेल. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या त्या पानांना धरून ठेवतं आणि फुगण्याची ताकद कमी करतं. ढेकळं फोडून, मिसळून, थोडं पाणी मारून एक दिवस झाकून ठेवा, मग दाबा. चुना डोळ्यांत आणि हातांवर भाजतो. मजुरांना चष्मे आणि हातमोजे तुम्ही स्वतः आणून द्या, ठेकेदार देत नाही.

मग पाणी. गच्चीचा पाइप जमिनीखालून चार इंची पीव्हीसीने थेट गेटबाहेरच्या नालीत न्या. मला एकच गोष्ट करायला परवानगी असती तर मी हीच केली असती. रस्त्याला गेटकडे उतार द्या, ३० फुटांत सहा इंच, आणि गेटच्या रेषेत आडवी जाळीची नाली घ्या. दोन्ही कडांना तीन-तीन फूट मुरमाची किंवा फरशीची पट्टी, बाहेर उतरती. कडेला फुलझाडांचे वाफे करू नका. तुमच्या नावात जाई आहे, रागावू नका, पण रोज पाणी घातलेला वाफा स्लॅबला चिकटून असला तर तेवढीच कड वर येते.

काँक्रीट सर्वांत शेवटी. पाच इंच जाड, एम-२५ प्रतीचं. दाबलेल्या मुरमावर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. तुमचं माप छान आहे, ३० बाय १० चे बरोबर तीन चौकोन होतात, १० बाय १० चे. पहिला आणि तिसरा आधी भरा, मधला नंतर. आठ एमएमची सळई आठ इंचांवर दोन्ही दिशांनी, आणि जाळी वरून दोन इंच खाली राहील अशी खुर्च्यांवर, म्हणजे सळईच्या लहान टेकूंवर, उचललेली. तुमच्याकडे ती रेतीवर पडली होती, तिचा शून्य उपयोग झाला. जाळी एका चौकोनातून दुसऱ्यात नेऊ नका. दोन चौकोनांच्या मध्ये १६ एमएमच्या गुळगुळीत सळया, दीड फूट लांब, फूटफूट अंतरावर, जाडीच्या मध्यावर, अर्धी बाजू एका चौकोनात पक्की आणि अर्धी ग्रीस लावलेली. चौकोन सरकले तरी वर-खाली होत नाहीत. सासूबाईंच्या वॉकरसाठी या सळया आठ इंच जाडीपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

घराच्या जोत्याशी आणि गेटच्या खांबांशी २० एमएमची फट ठेवा, थर्माकोल घालून वरून सीलंट. घराचा पाया खोल आहे, तो वेगळा हलणार, रस्ता वेगळा. दोघांना बांधून ठेवलं की एक दुसऱ्याला फोडतो.

एका पोत्याला जास्तीत जास्त २५ लिटर पाणी. रेती ओली असेल तर त्याहून कमी. बादली मोजून द्या आणि मिक्सरजवळून पाइप हलवा. पाइप हाताशी असला की मिस्त्री काँक्रीट पातळ करतोच, त्याचे हात वाचतात. आणि वरून कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका! वर आलेलं पाणी उडायला वेळ लागतो, मिस्त्रीला घरी जायची घाई असते, म्हणून तो ते पाणी सिमेंटने शोषून घेतो. तुमचे पापुद्रे त्याचेच आहेत. पाणी आपोआप जाईपर्यंत थांबायचं, मग रंधा मारायचा, शेवटी झाडूने आडव्या रेघा ओढायच्या. गुळगुळीत पृष्ठभाग पावसात घसरतो.

आजकाल दुकानात मिळतं ते बहुतेक राखेचं मिश्र सिमेंट, त्याला चौदा दिवस ओलावा हवा. तुम्ही टँकरवर आहात, म्हणून पाळी बांधून पाणी साठवण्यापेक्षा ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक घाला. पाणी पाव लागतं, आणि कडेने वाहून काळ्या मातीतही जात नाही.

सुट्टीचा विचार सोडा आणि काम कार्तिकात किंवा मार्गशीर्षात करा. तेव्हा माती फार फुगलेली नसते आणि फार आकसलेलीही नसते. झाकण त्या मधल्या अवस्थेत बसवायचं. मे महिन्यात ४० अंशांच्या वर काँक्रीट करायचं म्हणजे वेगळीच लढाई, ओतता ओतता वरचा भाग सुकून फाटतो.

पेव्हरबद्दल विटा_रेती यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यालाही खाली हाच मुरूम लागतो, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. ब्लॉकच्या फटींतून पाणी खाली जातं, म्हणून त्यात तर जास्तच काळजी.

खर्च करण्याआधी एक परीक्षा करा. तुमच्या शाळेत १०० मिलीची मोजपात्रं असतील. दोन फूट खोलीवरची माती वाळवा, कुटा, बारीक चाळणीने चाळा. दहा-दहा ग्रॅम दोन पात्रांत. एकात रॉकेल, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी, १०० च्या खुणेपर्यंत. काडीने ढवळून हवा काढा आणि चोवीस तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आकडे इथे लिहा.

अंगणातली_जाई

ओळंबा काका, तुमचं उत्तर मी छापून घेतलं. यजमानांनी आणि सासूबाईंनीही वाचलं. विटा_रेती दादा, तुमचेही आभार, त्या पहिल्या ठेकेदाराला मी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं.

परीक्षा केली. रॉकेल मिळता मिळेना, शेवटी एका ओळखीच्या घरी जुनी बाटली सापडली. नववीच्या मुलांसमोरच केली, त्यातले निम्मे शेतकऱ्यांची मुलं. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती १२ च्या खुणेवर आणि पाण्यातली २२ वर. वर्ग गप्पच झाला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणून आमच्या घराची भिंत फाटली काय?" त्याच्या आजोबांनी मागच्या वर्षी त्या भिंतीला दोनदा गिलावा केला होता.

दोन प्रश्न. एक, मला सुट्टी दिवाळीत मिळते, तेव्हा चालेल का? दुसरा कडुनिंबाचा. दोघाही ठेकेदारांनी सांगितलं की आधी झाड तोडा. सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे, ते आता नाहीत. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी त्या झाडाखाली खुर्ची टाकून बराच वेळ बसल्या होत्या. रस्त्यासाठी तोडणं गरजेचं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

परभणी_ते_केटी

ताई, मी मूळचा परभणीचा, आता ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी म्हणून गाव आहे तिथे राहतो. इथे आलो तेव्हा अंगणात खोदून बघितलं आणि काळी चिकट माती हाताला लागली, अगदी आपल्या शेतातल्यासारखी. इथले लोक तिला 'गम्बो' म्हणतात. हवा समुद्राकडची दमट, उन्हाळा लांब, आणि प्रत्येक घरापुढे काँक्रीटचा रस्ता. त्यामुळे तुमची अडचण इथे घरोघरी आहे.

इथे मला जे शिकायला मिळालं ते ओळंबा काकांच्या म्हणण्याला जोडून सांगतो. काका पाणी बाहेर काढायला सांगतात ते बरोबरच, पण इथले लोक उन्हाळ्यात उलटही करतात. घराच्या पायाभोवती झिरपणारी रबरी नळी टाकून माती थोडी ओलसर ठेवतात, म्हणजे ती एकदम आकसत नाही. २०११ मध्ये टेक्सासमध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा पाया खचल्याच्या तक्रारी सगळीकडे ऐकू येत होत्या. मी स्वतः एक चूक केली. बागेला पाणी घरासमोरच्या एकाच बाजूला देत राहिलो. तीन वर्षांत रस्त्याची ती बाजू तशीच राहिली आणि दुसरी बाजू खाली गेली. पाणी द्यायचं तर दोन्ही बाजूंना सारखं द्यावं.

दुसरं, जोडांबद्दल. इथे जुन्या रस्त्यांमध्ये जोडात लाकडी पट्टी घालायचे. दमट हवेत ती पाच-सात वर्षांत कुजते, फट मोकळी होते, पाणी थेट खाली. माझ्याकडे तेच झालं. मी कुजलेलं लाकूड खरवडून काढलं, फोमची दोरी दाबली आणि वरून सीलंट भरलं. तुमच्याकडे थर्माकोल घालाल तेव्हा वरचा अर्धा इंच खरवडून सीलंट नक्की भरा, आणि दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी बघा. तासाभराचं काम आहे.

इथे दमट उन्हाळ्यात रात्रीही गारवा नसतो, म्हणून पहाटे पाचला ट्रक येतात आणि नऊच्या आत ओतणं संपवतात. तुम्ही कार्तिकात करणार असाल तर हा त्रास नाही.

आई-वडिलांच्या परभणीच्या घरापुढेही दगड-रेतीच भरलेली आहे. हा धागा त्यांना पाठवतोय.

ओळंबा

ताई, १२ चे २२ झाले म्हणजे ८३ टक्के फुगली. ५० च्या वर गेली की सावध व्हायचं असतं. तेव्हा चुन्याचा थर ऐच्छिक समजू नका, करा. आणि त्या मुलाच्या आजोबांना निरोप द्या, गिलावा करण्याआधी भिंतीपासून पाणी दूर न्यायला सांगा, मोरीचं आणि पागोळ्यांचं दोन्ही.

केटीच्या भाऊंनी उन्हाळ्यातल्या पाण्याचं सांगितलं ते बरोबर आहे, माझ्या लिहिण्यातून ते राहून गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर स्लॅबखालची माती वर्षभर एकसारखी राहिली पाहिजे. तुम्ही टँकरवर असाल तर रोज पाणी घालायचा आग्रह मी धरणार नाही, मुरमाची पट्टी आणि प्लास्टिकचा कागद त्यातलं बरंचसं काम करतील.

दिवाळी लवकर असेल आणि परतीचा पाऊस नुकताच संपला असेल तर माती अजून गच्च ओली असते, रोलर रुततो. खोदून ठेवा, आठ-दहा दिवस उघडं राहू द्या, वरून पाऊस येणार नाही एवढं झाका. तळ टाचेने दाबून बघा. टाच रुतली नाही आणि भेगही पडलेली नाही अशी अवस्था आली की मुरूम टाका. मुरमाच्या थरांवर घरातलं कोणीतरी उभं राहायलाच हवं, त्यासाठी सुट्टी वापरा. काँक्रीटच्या तीन दिवसांसाठी रजा काढा.

कडुनिंब तोडू नका. हे मी झाडावरच्या मायेने सांगत नाही, मातीच्या हिशेबाने सांगतो. इतकी वर्षं ते झाड त्या कोपऱ्यातलं पाणी ओढत आलं आहे. आज तोडलंत तर ते ओढणं थांबेल, माती पुढची काही वर्षं हळूहळू पाणी घेत राहील, आणि जो कोपरा आज खचलाय तोच वर उचलू लागेल. मोठी झाडं तोडल्यावर भिंती उचललेल्या मी पाहिल्या आहेत. झाडाच्या आणि रस्त्याच्या मध्ये, रस्त्याकडेला, एक फूट रुंद आणि चार फूट खोल चर खणा, रस्त्याच्या बाजूने जाड प्लास्टिक उभं लावा आणि चर साध्या काँक्रीटने भरा. मुळं तिकडेच राहतील. दोन-चार मुळं तोडावी लागतील, ती कुऱ्हाडीने न ठेचता करवतीने साफ कापा, आणि झाडाच्या बाकी बाजू मोकळ्या ठेवा. हे काम पावसाळा संपल्यावर करा, झाडाला जखम भरायला ओल मिळते.

गेटजवळचे शेवटचे चार फूट मात्र मी काँक्रीट करणार नाही. तिथे विटा_रेती यांचं ऐका, ८० एमएमचे ब्लॉक बसवा, खाली तोच मुरूम. ८३ टक्क्यांच्या मातीवर थोडी हालचाल होणारच, दोन फूट मुरूम ती कमी करतो, पूर्ण मिटवत नाही, कारण त्याखालीही काळी माती खोलवर आहे. गेट अडलं तर चार ब्लॉक काढून सारखे करता येतील आणि वेल्डर लागणार नाही. असं केलंत तर स्लॅब २६ फुटांचा उरतो, तेव्हा तीन चौकोनांऐवजी पावणेनऊ फुटांच्या आतले तीन तुकडे करा. ब्लॉक आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे काँक्रीटची पक्की कड घ्या, नाहीतर ब्लॉक सरकतात आणि वॉकरला पुन्हा पायरी तयार होते.

ठेकेदार ठरवण्याआधी गेटची मोकळी रुंदी मोजा आणि रोलरवाल्याला विचारा त्याचं यंत्र आत येतं का. येत नसेल तर व्हायब्रेटर प्लेट भाड्याने मिळते, पण मग थर सहाऐवजी चार इंचांचे करायला सांगा.

अंगणातली_जाई

गेट मोजलं, नऊ फूट चार इंच. रोलरवाला म्हणतो, लहान रोलर येईल. पाइपाचं काम मात्र दिवाळीपर्यंत थांबवत नाही. प्लंबर रविवारी येतोय, गच्चीचं पाणी या पावसाळ्याआधीच नालीत जाईल. यजमानांनी आडव्या तड्यावरची ती बोटभर पायरी ग्राइंडरने घासून उतरती करून दिली आहे, तात्पुरती. कडुनिंबाचं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तुमचा निरोप मला दोनदा वाचायला लावला.

आता श्रावणात गेट किती घासतं ते खडूने खांबावर खूण करून मोजणार आहे, आणि दर महिन्याला आकडा इथे लिहीन.